खंडूतात्यांची पाठ

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीतल्या गुरुजींनीही शेवटी ते सोडून दिलं होतं, आणि चौथीनंतर शाळाच सुटली. त्यानंतर हातात पेन्सिल आली ती दवाखान्यातल्या धुवायच्या चादरी मोजून लिहिण्यापुरती. ही वही कोणाच्या हाती लागलीच तर त्याने चुका पोटात घालाव्यात. दाखवायला म्हणून मी लिहीत नाही. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की माझे कान गरम होतात, जीभ टाळ्याला चिकटते. कागदासमोर तसं होत नाही, एवढंच कारण.

परवा सकाळी अंथरुणं उन्हात टाकायला अंगणात आले आणि वाऱ्यावर मळीचा वास आला. कारखाना सुरू झाला. आमच्या कन्हेरीला हंगाम आधी नाकाला कळतो, मग डोळ्यांना. दोन दिवसांत रस्त्यावर ट्रॉलीतून पडलेली उसाची कांडी चाकाखाली चेचून चपटी झालेली दिसायला लागतात. फटफटायच्या आधी बैलगाड्यांचे घुंगरू वाजत जातात. नाक्यावर वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या विकायला बसलेल्या बायका शेकोटीला हात धरून बसतात. आमच्याकडची माणसं मळीच्या वासाला नाक मुरडत नाहीत, त्यावर घरं चालतात. मला मात्र त्याच्या मागोमाग दुसरा एक वास येतो. स्पिरिटचा. गार, नाकात झोंबणारा. अंगणात गोधडी हातात धरून मी किती वेळ तशीच उभी होते कोण जाणे. सहा वर्षं झाली, पण थंडी आणि मळी एकत्र आली की तो दवाखान्याच्या मोरीतला वास येतोच.

बारामतीच्या एका खासगी दवाखान्यात मी आया आहे. तेव्हाही होते. फरशी पुसायची, बायकांना भांडं द्यायचं, चादरी बदलायच्या, मोजून धोब्याला द्यायच्या. पुरुषांचं भांडं वॉर्डबॉय देई. सगळे मला मावशी म्हणतात. माझं नाव हजेरीच्या वहीत आहे, बाकी कोणाला लागत नाही.

हंगामात दवाखान्याचं रूपच वेगळं असतं. कोयता लागून बोट तुटलेली माणसं येतात. पाचटाच्या धुरानं छाती भरलेली पोरं येतात. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून घसरलेल्या बायका येतात, आणि अंगातली कुसं काढता काढता आमच्या बोटांना लागतात. खाटा पुरत नाहीत, मग खाली सतरंजीवर. अशाच गर्दीत त्या वर्षी सुरेखा सिस्टर आल्या.

पणदऱ्याच्या होत्या. वडील डेअरीला दूध घालायचे, म्हशींच्या दुधावर मुलीचं शिक्षण केलेलं. तीन वर्षांचा कोर्स करून नुकत्याच पास झालेल्या, वय एकवीस. पांढरे बूट इतके नवे की चालताना कुईकुई वाजायचे. पेशंट हसायचे. "आली बगा, कुईकुई बाय आली." त्या ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या, पण गालावर लाली चढायची. मला ते कळायचं. लाजणाऱ्याला लाजणारा ओळखतो.

पहिल्याच आठवड्यात आम्हा दोघींचं बिनसलं. एका म्हातारीला त्या पेज भरवत होत्या. म्हातारी सपाट झोपलेली, तोंड वासलेलं. मी फरशी पुसता पुसता म्हटलं, "बाई, मान वर घ्या तिची, ठसका लागंल." खरं तर मी असं कोणाला कधी म्हणत नाही. कसं कोण जाणे तोंडातून निघालं. सिस्टरांनी मागं वळून पाहिलं. खाटेभोवती चार नातेवाईक होते. त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्ही तुमची फरशी बघा. मी तीन वर्षं शिकून आलेय."

नातेवाईक हसले. वॉर्डबॉय तर म्हणाला, "मावशीला परिचारिका करा, मी फरशी पुसतो." मी फडकं पिळलं आणि पुढच्या खाटेखाली गेले. थोड्या वेळानं वळून पाहिलं तर सिस्टरांनी म्हातारीची मान हळूच वर घेतली होती. मला त्याचा आनंद झाला नाही. उलट आणखी लागलं.

आज विचार करते तेव्हा वाटतं, ती मुलगी घाबरलेली होती. मोठ्या सिस्टर ऑपरेशन थिएटरात अडकलेल्या असत. वॉर्डात पस्तीस-चाळीस पेशंट आणि ही एकटी. सलाईन संपलं की हाक, इंजेक्शनची वेळ झाली की हाक, रजिस्टर अपुरं राहिलं की डॉक्टरांचं बोलणं. कोणाला विचारावं तर विचारायला माणूस नाही. शाळेतून सुटलेल्या पोरीला एकदम भरल्या घराची चूल दिली तर ती काय करील? भाकरी करपणारच. पण तेव्हा मला तिची भीती दिसली नाही, फक्त बोलणं ऐकू आलं.

खंडूतात्या आले ते बावड्याकडून. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, कडब्यावर झोपवून. सत्तरीचे, काटक, पांढऱ्या मिशा, डोक्याला लाल पटका. तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे, पुढं कळप मोडून मुलानं ऊस लावलेला. त्याच उसाच्या गाडीवर चढून दोर आवळताना पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, या वयात ऑपरेशन नको, पाय ताणून ठेवू. पायाला चिकटपट्टी लावली, दोरी खाटेच्या कडेवरून खाली सोडली आणि तिला विटा बांधल्या. दीड महिना असंच उताणं पडायचं.

"उधळ्या बैलाच्या गळ्यात लोढणं बांधत्यात," तात्या म्हणाले, "तसं माज्या पायात बांधलं. जातुय कुटं म्या पळून?"

त्यांचा मुलगा तानाजी दोन दिवस राहिला. सुरेखा सिस्टरांनी त्याला सगळं दाखवलं. वजन जमिनीला टेकू द्यायचं नाही. दर चार तासांनी कंबर जराशी उचलायची, पाठ ओल्या कपड्यानं पुसायची, कोरडी करायची, स्पिरिट लावून चोळायची, वर पावडर. चादरीला एक चुणी राहू द्यायची नाही. तानाजी नीट करत होता. तिसऱ्या दिवशी गावाकडून निरोप आला, ऊसतोडीची टोळी रानात उतरली. उसाची पाळी चुकली तर ऊस उभा वाळतो. तो गेला आणि बायकोला ठेवून गेला. तिचं नाव मंगल.

इथंच चूक झाली, आणि ती आमच्याकडच्या माणसांशिवाय कोणाकडून झाली नसती.

सिस्टर मंगलला म्हणाल्या, "तुमच्या मालकांनी केलं तसं करायचं. कळलं ना?" मंगलनं डोक्यावरचा पदर आणखी ओढला आणि मान हलवली. सासऱ्यासमोर जी सून सहा वर्षांत कधी उघड्या डोक्यानं उभी राहिली नव्हती, जी जेवणाचं ताट लांबून सरकवायची, ती सासऱ्याच्या उघड्या पाठीला हात लावणार होती? कंबरेखाली? तिनं नाही म्हटलं नाही, कारण शिकलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं. सासऱ्यानं मागितलं नाही, कारण सुनेला कसं सांगायचं. आणि सिस्टरांच्या पुस्तकात पाठ होती, सून आणि सासरा नव्हते.

रोज सकाळी सिस्टर खाटेच्या टोकाशी येऊन विचारत, "पाठ केली?" पदर हले. बाटलीतलं स्पिरिट कमी झालेलं दिसे. सिस्टर कागदावर खूण करत आणि पुढच्या खाटेकडे पळत.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी मी मोरीत बादली भरायला गेले. मंगल तिथं पाठमोरी उभी होती. तिच्या हातात ती बाटली होती. झाकणभर, झाकणभर असं मोजून ती स्पिरिट मोरीत ओतत होती. माझी चाहूल लागली तशी ती दचकली. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. मी नळाखाली बादली लावली. ती बाटली पदराखाली घेऊन निघून गेली.

मी काही बोलले नाही. तिला नाही, सिस्टरांना नाही.

दोन दिवसांनी तात्यांची चादर माझ्या हातात आली. मधोमध चहा सांडल्यासारखा डाग, कडेला पिवळसर. माझ्या सासूनं दोन वर्षं अंथरुण धरलं होतं. तसला डाग कशाचा असतो ते मला माहीत होतं. मी ती चादर सोड्याच्या पाण्यात भिजत टाकली, डाग चोळून काढला, यादीत एक आकडा वाढवला. आणि गप्प राहिले.

का राहिले, याची कारणं मी पुढं स्वतःला खूप दिली. मी भिडस्त. माझं काम फरशीचं. मंगलचं नाव घेतलं तर तिला सगळ्यांसमोर बोलणी बसतील. ही सगळी कारणं खरी आहेत. पण कारणं पुष्कळ असली की समजावं, खरं त्यांच्या मागं लपलेलं आहे.

आठव्या दिवशी डॉक्टरांना राउंडला वास आला. त्यांनी तात्यांना उचलायला लावलं. माकडहाडाच्या जागी पुरीएवढी जखम होती, मध्ये काळी, कडेनं लाल. डॉक्टरांनी खाटेला लावलेला कागद काढला आणि सिस्टरांपुढे धरला. "इथं आठ दिवस रोज खुणा आहेत. ही पाठ कोणाची केली तुम्ही?"

सिस्टरांनी मंगलकडे बोट दाखवलं नाही. हे मी कधी विसरले नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "सर, मी बघितलं नाही. विचारलं फक्त."

पदराआड मंगल रडत होती. तात्या खालून बोलले, "डागतर, कुनाला बोलू नगा. सुनंला म्या हात लावू दिला नसता. आन् आग व्हत व्हती, पर मला वाटलं, ह्या तुमच्या इटाचंच दुखनं हाय."

डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, महिनाअखेरपर्यंत बघतो. नाहीतर दुसरीकडे बघा."

त्या दुपारी मी चहाचा कप घेऊन दवाखान्यामागच्या त्यांच्या खोलीत गेले. त्या पत्र्याच्या ट्रंकेत कपडे भरत होत्या.

"सिस्टर, च्या आनलाय."

"नको मावशी."

"ट्रंक कशाला भरताय?"

"घरी जाते. दुसऱ्यानं सांगून काढण्यापेक्षा आपणच गेलेलं बरं." त्यांनी एक साडी घातली, बाहेर काढली, पुन्हा घातली. "परीक्षेत हेच विचारलं होतं मावशी. करूनही दाखवायचं होतं. वीसात अठरा मार्क पडले होते मला."

"तवा पेशंट कोन व्हता?"

"पेशंट कुठला, बाहुली होती मोठी."

"बाहुलीला सून नसती, बाई."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग तोंडावर हात ठेवून रडल्या. मी कप खाली ठेवला. काय करावं कळेना. शेवटी म्हटलं, "तुमी घरी जाल. पर तात्याची पाठ हितंच ऱ्हाईल. ती कोन करनार?"

खरं त्या वेळी सांगायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं. पण त्या रडत होत्या आणि मी त्यांना धीर देणारी झाले होते. धीर देणाऱ्याची जागा फार उबदार असते. तिथून उठून गुन्हेगाराच्या जागी जाऊन बसायला मला झालं नाही.

ट्रंक भरलेली तशीच राहिली. तिला हात लावायला सिस्टरांना पुढं वेळच मिळाला नाही.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला आम्ही दोघी तात्यांच्या खाटेशी असायचो. मी त्यांना जे माहीत होतं ते सांगितलं, हळू आवाजात, कोणी ऐकणार नाही असं. आधी आपले हात गरम पाण्यात बुडवून घ्या. थंडीत गार हात लागला की माणूस अंग आखडतो, मग उचलताना दुखतं. उचलायच्या आधी सांगा, "तात्या, आता उचलतो," म्हणजे ते श्वास धरतात. एकीनं वजनाच्या दोरीवर नजर ठेवायची. ओलं फडकं पिळून घ्या, पाणी गळता कामा नये. पुसायचं बाहेरून जखमेकडे नाही, जखमेजवळून बाहेर. तोंड धुताना कवळी काढून घ्या, तिच्याखाली भात अडकतो. टाचा बघा, पाठीसारख्या टाचाही सडतात. पाणी पाजताना चमचा ओठाला टेकवून थांबा, माणूस आपण होऊन ओढतो.

त्या मला कारणं सांगायच्या. हाड आणि खाट यांच्यात मांस दाबलं जातं, रक्त पोचत नाही, म्हणून ते मरतं. मला इतकी वर्षं करावं कसं ते माहीत होतं, का ते माहीत नव्हतं. दोन अर्धवट माणसं मिळून एक पुरं झालो आम्ही.

डॉक्टरांनी जखम कापून साफ केली आणि भरायला साखर सांगितली. कारखान्याची साधी पांढरी साखर, धुतलेल्या जखमेत भरून वर पट्टी. तात्यांना फार मौज वाटली. "उसानं पाडला न् साकरंनं भरला. मुंग्या लागल्या म्हंजी मग?"

"आम्ही आहोत की मुंग्या," सिस्टर म्हणाल्या. त्या वॉर्डात पहिल्यांदा हसताना मी तेव्हा पाहिल्या.

मंगल तीन दिवस भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. चौथ्या दिवशी तात्याच म्हणाले, "मंगल, दारची मेंढी अडली म्हंजी कोपरापत्तुर हात घालतीस, तवा लाजतीस व्हय गं? म्हातारा मेंढा हाय म्हन आन् धर हिकडनं."

"मामंजी, आसं काय बोलताय," ती म्हणाली. सासऱ्याशी ती तोंडावर बोललेली मी तेव्हा प्रथम ऐकली. पदर दातात धरून ती पुढं आली. तिनं हात पुढं केला, अर्ध्यावर थांबवला. सिस्टरांनी तो आपल्या हातात घेतला, गरम पाण्यात बुडवला, पुसला, आणि तात्यांच्या पाठीवर ठेवला. आम्हा तिघींच्या हातांखाली ती पाठ, सुरकुतलेली, मणके वर आलेले, उन्हापावसात चाळीस वर्षं घोंगडं वागवलेली. बाहेर उसाच्या गाड्या चालल्या होत्या.

महिनाअखेर डॉक्टरांनी पाठ बघितली, हं म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. सिस्टरांची नोकरी राहिली ती त्या एका हुंकारावर.

हाड दीड महिन्यात धरलं, जखम भरायला वर बावीस दिवस लागले. तानाजीनं बिल भरलं, एक शब्द न बोलता, नोटा थुंकी लावून दोनदा मोजून. तात्यांना घेऊन ट्रॉली गेली तेव्हा सिस्टर खिडकीशी होत्या. त्यांनी कागदावर मांडलं होतं. बावीस दिवसांची खाट, पट्ट्या, औषधं. सोळाशे रुपये.

"हे त्यांचे नाहीत मावशी, माझे आहेत. मी बघितलं असतं तर ते बावीस दिवस आधी घरी गेले असते."

त्यांना पगार नऊशे होता, मला चारशे. मी म्हटलं, "अर्धं माजं."

"तुमचं काय त्यात?"

मी फरशीकडे बघत राहिले. त्या म्हणाल्या, "बरं, आत्ता द्या. मला एकटीला झेपणार नाही. पण ते मी तुमच्याकडून उसने घेतले असं समजा. एक दिवस परत देईन." मी मान हलवली. मंगलनं हलवली होती तशीच.

फाल्गुनात एका रविवारी आम्ही बावड्याला गेलो. इंदापुरात गाडी बदलली, पुढं रानातून चालत. तात्या ओसरीवर काठी धरून बसले होते. दोनशे रुपये पुढं ठेवल्यावर तानाजीचा चेहरा तांबडा झाला. "आमी काय भीक मागाया आलतो व्हय? उचला त्ये."

"दादा, भीक नाही, माझी चूक आहे," सिस्टर म्हणाल्या.

"चूक व्हतीया. माणूस हाय. उचला म्हनतो ना."

तात्यांनी काठी जमिनीवर आपटली. "घे रं. आपली मेंढरं कुनाच्या रानात शिरली, उभं पीक खाल्लं, तर म्या दंड भरल्याबिगर कदी वस्ती हलवली न्हाय. मालक न्हाय म्हनाला तरी भरला. भरला म्हंजी फुडल्या साली त्याच रानाच्या बांधावरनं ताठ मानंनं जाता येतं." मग सिस्टरांकडे वळून म्हणाले, "पर हफ्त्यानं भर, पोरी. उपाशी ऱ्हाऊन भरायचं न्हाय."

मंगलनं चहा आणला. माझ्या हातात कप देताना तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं, मला माहीत होतं. आम्ही दोघी चहा प्यायलो.

पुढचे पैसे मनीऑर्डरनं गेले. महिन्याला दोनशे, शंभर त्यांचे, शंभर माझे. पोचपावतीवर तात्यांचा अंगठा यायचा, शाईत जरा जास्तच दाबलेला. आम्ही ती पावती खिडकीशी नेऊन बघायचो, जणू त्यावरून प्रकृती कळते. आषाढाच्या पावतीवर अंगठा नव्हता, तानाजीची सही होती. सिस्टरांनी पावती घडी घालून ठेवली आणि हात धुवायला गेल्या. पुढं बाजारात तानाजी भेटला, तेव्हा सांगितलं, छातीत कफ झाला आणि दोन दिवसांत गेले. म्हणाला, "मंगलनं शेवटपत्तुर पाठ कोरडी ठिवली व्हती. आंघोळ घालतानी समद्यांनी बघितलं."

आश्विनात शेवटचे दोनशे गेले. मला वाटलं होतं, आता हलकं वाटेल. वाटलं नाही.

वर्षं गेली. सुरेखा सिस्टरांचं लग्न झालं, त्या इंदापूरच्या एका दवाखान्यात वॉर्डाच्या मुख्य झाल्या. तिथं नव्या मुली आल्या की त्या पहिले आठ दिवस त्यांना एकटं सोडत नाहीत असं ऐकते. विचारू नका, उचलून बघा, असं म्हणतात. आमच्याकडेही दर वर्षी नव्या येतात. या साली तिघी आल्या आहेत, एकीची टोपी सारखी घसरते. मी आता बोलते. आवाज फुटत नाही, तरी बोलते. परवा एकीनं मला झिडकारलं. मी दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा तिनं ऐकलं. कान गरम झाले, पण त्यानं कोणी मरत नाही.

कारखाना सुरू झाला त्याच आठवड्यात, रविवारी दुपारी, सुरेखा सिस्टर कन्हेरीला माझ्या घरी आल्या. अंगानं भरल्या आहेत, या वयातच केसात एक पांढरी बट. मी भुईमुगाच्या शेंगा निवडत होते. त्या शेजारी बसल्या, दोन शेंगा फोडल्या, आणि पर्समधून पाकीट काढून माझ्या सुपात ठेवलं.

"आठशे आहेत मावशी. फार उशीर झाला. आधी घर, मग मूल, राहतच गेलं."

मी पाकिटाला हात लावला नाही. सहा वर्षांत हे कधीतरी येणार हे मला माहीत होतं, आणि ते येऊ नये असंही वाटत होतं.

"त्ये घेता येत न्हाय मला," मी म्हटलं.

"का हो? तुमचेच आहेत."

"माजंच व्हतं. म्हनूनच घेता येत न्हाय." आणि मग मी सांगितलं. मोरी, बाटली, झाकणभर झाकणभर. चादर, डाग, सोड्याचं पाणी. सुपाकडे बघत सगळं सांगितलं.

त्यांनी हातातली शेंग सुपात ठेवली. मग म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक होतं? चार दिवस?"

"व्हय."

"एक शब्द बोलला असता मावशी." त्यांचा आवाज चढला. "एक शब्द! मी ट्रंक भरली होती. म्हाताऱ्याचं मांस सडत होतं तिथं."

"व्हय."

त्या उठल्या, अंगणात दोन पावलं गेल्या, परत आल्या. "मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोलले होते ना, फरशी बघा म्हणून. म्हणून गप्प बसलात. मीच तोंड बंद केलं तुमचं."

किती सोपं होतं, हो म्हणणं. दार त्यांनी स्वतःच उघडून दिलं होतं.

"न्हाय," मी म्हटलं. "लाजून गप बसले न्हाय मी. मला वाटलं, कळू दे हिला. तीन वर्सं शिकलीया न्हवं, कळू दे एकदा. आसं वाटलं व्हतं मला. चांगलं वाटलं व्हतं."

हे वाक्य मी आजवर स्वतःशीसुद्धा उच्चारलं नव्हतं. ते बाहेर पडलं आणि माझे हात शेंगांत तसेच राहिले.

सिस्टर माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. माझ्या तोंडाकडे बघत होत्या, जखम बघावी तशा, कितपत खोल गेली आहे ते. "काही हरकत नाही मावशी" असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर मला आवडलं नसतं.

मग त्यांनी सुपातलं पाकीट उचललं. त्याला चिकटलेली टरफलं झटकली, ते पर्समध्ये घातलं आणि चेन लावली.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "हे तुमचेच होते."

सोळाशे रुपये त्या दिवशी फिटले.